मिरी, पापड आणि नववीचा संप

गायकर बाई इतिहासाच्या तासाला खडूच्या आधी पर्समधून काळी मिरी काढायच्या. प्रत्येक मुलीच्या जिभेवर एक दाणा. वर्ग हाश-हुश करू लागला की विचारायच्या, "झोंबली? ह्याच दाण्यापायी माणसं महिनोन्‌महिने समुद्रात सडली. आता नकाशा उघडा."

उल्हासनगरातल्या त्या मुलींच्या शाळेत मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंतीपलीकडून शिंका आल्या की समजायचं, पोर्तुगीज निघाले!

बाई जांभूळ गावच्या. जगाचा इतिहास त्यांनी तीन वाक्यांत बसवला होता. "कुणाला तरी कुठं तरी जायचं होतं. कुणाला तरी काही तरी विकायचं होतं. आणि राहिलेल्यांना राग आला होता. बाकी सनावळ्या." अशी बाई, आणि सहा वर्षं टेम्पररी. एप्रिलात सुट्टी, जूनमध्ये पुन्हा अर्ज. एकोणनव्वदच्या हिवाळ्यात शेवटी ठरलं, तपासणीचे साहेब त्यांचा तास बघतील, शेरा चांगला आला तर कायम.

धडा होता कारखान्यांचा. बाईंनी वर्गातच पापडाचा कारखाना मांडला. शाळेशेजारी राहणाऱ्या कमला आंटींनी मिरी घातलेलं उडदाचं पीठ मळून आणलं. पहिल्या बाकावर लाट्या करायच्या, दुसऱ्यावर लाटायचं, तिसऱ्या बाकाने व्हरांड्यातल्या उन्हात वाळवायचं, चौथ्याने सिगडीवर भाजायचं. एकाच मुलीने सगळं करण्यापेक्षा काम वाटून घेतलं की माल कसा भराभर निघतो, एवढंच दाखवायचं होतं. मी मोकळ्या तासाचं निमित्त करून दारात उभा होतो. साहेब खुशीत मान डोलावत होते. हेडमास्तर पाठारे सर तर स्वतःच पापड लाटल्यासारखे घामेजले होते.

पहिला पापड भाजून निघाला आणि कमला आंटींनी बशी थेट साहेबांपुढे धरली. सिंध्यांच्या घरी पाहुण्याला आधी पापड-पाणी. "खाओ साईं, पहले पापड-पानी, इतिहास बाद में!"

दुसऱ्या बाकावरची वर्षा लाटणं थांबवून उठली. "बाई, लाटून लाटून हात आमचे दुखणार, आणि खाणार साहेब?"

"गप बस गं," पाठारे सर पुटपुटले.

"का गप? भाजणाऱ्या पंख्याखाली, वाळवणाऱ्या उन्हात! चला गं, लाटणी खाली ठेवा."

खटाखट लाटणी खाली! वाळवणाऱ्या मुलीही आत आल्या. सिगडीवरचा पापड एकटाच करपत राहिला. आंटी साहेबांना समजावत होत्या, "अरे साईं, आप खाओ, बच्ची लोग है!" साहेबांच्या हातातला पापड तोंडापासून वीतभर अंतरावर अडकलेला.

पाठारे सर बाईंच्या कानाशी गेले, पण सरांचं कुजबुजणं मैदानापर्यंत जायचं. "बाई, आवरा त्यांना! तुमची कायमची ऑर्डर समोर बसलीय!"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मग वर्षाकडे. एक डोळा वटारला असता तर वर्ग बसला असता. पण बाई फळ्याकडे वळल्या, 'कारखाने' पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'क्रांती'.

"सर, हा पुढचा धडा आहे. पोरींनी आजच घेतला. वर्षा, मागण्या सांग."

मागण्या दोन: लाटणारीला पहिला पापड, आणि पंखा आळीपाळीने. साहेबांनी पापड मुकाट्याने वर्षाच्या हातात दिला.

आठवड्याने शेरा आला. बाईंनी तो स्टाफरूममध्ये खुर्चीवर उभं राहून वाचला. "विषय विद्यार्थिनींपर्यंत उत्तम पोहोचला आहे. शिक्षिकेचा वर्गावर ताबा नाही."

संस्थेला दुसरं वाक्य पुरलं. कायमची ऑर्डर दुसऱ्याला गेली. जूनमध्ये बाई बदलापूरच्या एका शाळेत लागल्या, पुन्हा टेम्पररीच. निघताना फाटकापर्यंत मी सोबत गेलो. न राहवून विचारलं, "बाई, त्या दिवशी पोरींना दोन शब्दांत गप्प केलं असतं तर?"

"केलं असतं हो, सहज. पण मग पुढच्या आठवड्यात फ्रान्सच्या राजाचं काय झालं, ते कुठल्या तोंडानं शिकवलं असतं?" त्यांनी एकदा हेडमास्तरांच्या खिडकीकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून खुदकन हसल्या. "पाठारे सरांना सांगा, जरा मान सांभाळून राहा. पोरींचा तो धडा झालाय."