सिद्धांतरावांची गैरहजेरी

नाटक मंडळीत त्यांना सगळे सिद्धांतराव म्हणत, तेही तोंडावर. कुठल्याच कचेरीत त्यांची खुर्ची नव्हती. दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून ठेवलेल्या टेबलावर बसून ते तत्त्वज्ञानावर, समीक्षेतल्या नव्या विचारांवर आणि गावातल्या नाटकांवर लिहीत आणि वर्तमानपत्राला पाठवत. लेख छापून आला की धाकट्या बहिणीचा फोन येई. वाचलं रे दादा, कळलं काही नाही, पण तुझं नाव ठळक आलंय, असं म्हणून ती गोळी घेतलीस का विचारी आणि फोन ठेवी. मग पुढचा लेख येईपर्यंत घर गप्प. म्हणून संध्याकाळ झाली की ते तालमीच्या हॉलवर जात. तिथे त्यांना कोणी 'या' म्हणत नसे, पण 'का आलात' असंही विचारत नसे. एकट्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

वर्तमानपत्राची पुरवणी नाटकाचा प्रयोग संपायच्या आधीच छपाईला जाई. त्यामुळे रंगीत तालीम पाहून परीक्षण लिहून ठेवायचं, प्रयोगाचा पहिला अंक बघून घरी यायचं आणि दोन ओळी बदलून पाठवायचं, ही त्यांची जुनी रीत. पण त्या दिवशी लेख असा काही रंगला की ते उठलेच नाहीत. प्रेक्षक समोर असतो म्हणूनच नाटक घडतं, हा मुद्दा ते मांडत होते. भान आलं तेव्हा पहिला अंक संपत आला असणार. तालीम दोनदा पाहिलीय की, असं मनाशी म्हणून त्यांनी लेख धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी ते हॉलवर गेले तर दिग्दर्शकाच्या हातात पेपर.

"या सिद्धांतराव. तापाने फणफणलेल्या मुलीनं काम झकास केलं म्हणे."

सगळे हसले. नायिका आदल्या दुपारपासून अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या जागी उभ्या राहिल्या होत्या प्रॉम्प्टरबाई. तीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवलेल्या बाई. सगळं नाटक त्यांना पाठ. सभागृह एकाच दिवसासाठी मिळालेलं, म्हणजे प्रयोगही तेवढा एकच.

दिग्दर्शक तसा मनाचा वाईट नव्हता. छापखान्यानं जुना मजकूर घातला असेल, असं म्हणून त्यानंच वाट काढून दिली. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सिद्धांतराव मात्र बाईंकडे वळले.

"मी आलोच नव्हतो, बाई."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात एक वाक्य विसरले मी. सवयीनं विंगेकडे पाहिलं, तर माझ्या जागी कोणीच नाही. मग तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. म्हटलं, हे रोज तालमीला असतात, ओठ तरी हलवतील."

त्यावर कोणी हसलं नाही.

घरी येऊन त्यांनी तीन ओळी लिहिल्या. मी प्रयोगाला गेलो नव्हतो, भूमिका अमुक बाईंनी केली, ती कशी झाली ते मला सांगता येणार नाही. संपादकानं फोनवर समजावलं, की अहो, कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेता? हे छापलं तर तुमचं सदर बंद करावं लागेल. देवापुढे कबुली द्यायला माणसाला जड जात नाही. देव ती चारचौघांत सांगत नाही. सिद्धांतराव म्हणाले, "छापा."

ते छापून आलं. पुढच्या आठवड्यात सदराच्या जागी फरशांची जाहिरात होती.

चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. आता हॉलवर कुठल्या तोंडानं जायचं? पाचव्या संध्याकाळी गेले आणि दारातच उभे राहिले. नव्या नाटकाची तालीम चालू होती. दिग्दर्शकानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाईंनी संहितेवरचं बोट न उचलता शेजारचा बाक दाखवला.

"बसा. पण संपेपर्यंत उठायचं नाही."

ते बसले. वही त्यांनी आणलीच नव्हती.