उलट्या वाचलेल्या गोष्टी

"सरळ वाचली तर मामा वाट चुकतो. मी उलटी वाचायलेय."

पुस्तकावरची नजर न काढता बाई असं म्हणायच्या आणि बोट ओलं करून पान मागं उलटायच्या. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोराचा मामा वाट चुकतो, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. मोठं झाल्यावर आपण ते सोडून देतो. बाईंनी सोडलं नव्हतं. त्यांचा भाऊ खरंच वाट चुकला होता.

परभणीत आमच्याच गल्लीत त्या एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. मी दुपारी त्यांच्याकडं भाकरी करायला जायचे. पुस्तक जाडजूड होतं. जर्मन लोकांच्या जुन्या गोष्टी, इंग्रजीत केलेल्या. मी चौथी शिकलेली. मला ते सुलटं काय नि उलटं काय, सारखंच.

"बाई, मला मराठीत सांगा की," म्हणलं की सांगायच्या, पण तेही उलटंच. चेटकीण आधी जळून मेलेली असायची, मग आगीतून उठून दारात येऊन उभी राहायची. तिच्या घरातून बापानं जंगलात सोडलेले भाऊ-बहीण पाठमोरे निघायचे, पाठमोरेच जंगल ओलांडायचे आणि बापाच्या घरी चुलीपुढं येऊन बसायचे. माझा हात पिठातच थांबायचा.

"म्हणजे त्यांना जंगलात कुणी सोडलंच न्हाई?"

"नाही. अजून सोडलं नाही."

किराणावाले शेटजी ओट्यापुढून जाताना चेष्टा करायचे, "काय बाई, पुस्तक संपलं का?"

"सुरू व्हायला आलंय, शेटजी."

भावाचं मला त्यांनीच एकदा सांगितलं. हे पुस्तक त्यानंच हैदराबादहून आणून दिलेलं. तेव्हा बाईंचा मुलगा लहान होता. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून पालमहून निघाला. इकडं मुलगा तापानं किरकिर करायला लागला, म्हणून बाईंनी भर दुपारी त्याला यातली गोष्ट सांगितली. भावाला पालमच्या स्टँडवर एसटीत चढताना लोकांनी पाहिलं. परभणीत तो उतरलाच नाही.

मुलगा आता पुण्याला असतो. फोनवर म्हणायचा, "आई, मामाचं आता सोड की गं."

"थोडीच पानं राहिलीत रे," बाई म्हणायच्या.

एका दुपारी पहिलं पान आलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, पुस्तक मिटलं आणि दाराकडं बघून म्हणाल्या, "किती वाळलास रे!"

दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं. तरी मी पदर सावरला, का ते सांगता येत नाही.

"अगं, बघत काय बसलीस? दुसरं ताट घे."

मी दोन ताटं वाढली आणि तव्याकडं तोंड करून बसले. पाठीमागं बाई माहेरच्या एकेकाची चौकशी करत होत्या, उत्तर ऐकल्यासारख्या थांबत होत्या, मधेच हसत होत्या. मला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. बाई एरवी अर्धी भाकर खायच्या. ताटं उचलायला गेले तर दोन्ही पुसल्यासारखी रिकामी.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं. "माहेरी जाते," म्हणून किल्ली शेटजींकडं देऊन बाई गेल्या होत्या. पालमला त्या पोचल्या नाहीत. मुलगा पुण्याहून आला, पोलिसांत कळवलं, गावोगाव फिरला. शेवटी त्या दिवशीच्या पालमच्या एसटीचा कंडक्टर सापडला. त्याला बाईंच्या घरी बोलावून विचारलं तेव्हा मी तिथंच कोपऱ्यात उभी होते.

"आजींनी दोन तिकिटं मागितली," तो म्हणाला. "म्हणलं, दुसरं कुणाचं? तर म्हणल्या, माझ्या मुराळ्याचं. खिडकीची जागा मोकळी ठेवून बसल्या होत्या. पालमच्या अलीकडं फाट्यावर उतरल्या."

"एकट्याच ना?" मुलानं विचारलं.



"दिसल्या तर एकट्याच, साहेब. पण मी बेल लगेच मारली न्हाई. दुसरं माणूस उतरू द्यावं म्हणलं."