वाळवंटात धरलेली जागा

परवा पिकनिकला न्यायला गराजमधली जुनी सतरंजी झटकली आणि नाकात वाळवंटातल्या धुळीचा तोच खडूसारखा कोरडा वास शिरला. काही वर्षांपूर्वी नेव्हाडाच्या वाळवंटात, तंबू ठोकून राहायच्या एका फेस्टिव्हलला आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. तंबू ठोकायला जागा मिळेना. जिथे थांबावं तिथे आधीच कोणाच्या तरी दोऱ्या बांधलेल्या. शेवटी नवरा गाडीत बसला आणि मी पायी शोधायला निघाले. दोन तंबूंच्या मधे एक मोकळा तुकडा दिसला. मग गाण्याच्या कार्यक्रमाला धरतात तशी मी जागा धरली. सतरंजी अंथरली, कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि गाडी आणायला वळले. गाडीत बसते न बसते तोच धुळीचं वादळ सुटलं. काचेपलीकडचं काही दिसेना. "गेली तुझी सतरंजी," नवरा म्हणाला, "आता दुसरा स्पॉट बघू." तरी धूळ बसल्यावर मी त्याला गाडी तिकडेच न्यायला लावली. बघते तर सतरंजीच्या मधोमध एक म्हातारी अमेरिकन बाई मांडी घालून बसलेली, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरीफटक. मला वाटलं, गेलीच जागा. तिने गॉगल वर केला. "तुमचीच ना? उडायला लागली, म्हणून येऊन बसले." शेजारी तिचा स्वतःचा तंबू भुईसपाट झाला होता. नवऱ्याने डिकीतून हातोडी काढली आणि तो आधी तिच्या तंबूकडे गेला. त्यानंतर सतरंजी कितीदा तरी धुतली, पण झटकली की धूळ निघतेच. आणि दर वेळी वाटतं, ती बाई आत्ताच हिच्यावरून उठून गेली आहे.