मॉलचा तिसरा मजला

आमच्या घोडबंदर रोडवरचा मॉल मेला, असं लोक अगदी सहज बोलून जातात. रिक्षात बसून मॉलचं नाव घेतलं की रिक्षावालाही मान वळवून विचारतो, "तो बंद झाला ना?" मला राग येतो. बंद झालेला नाही. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, शेजारी चष्म्याचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर मुलांचा क्लास चालतो आणि सकाळी अकराला दार उघडतं. या मे महिन्यात मी आणि आई रोज अकराच्या ठोक्याला त्या दारात उभ्या असायचो, तेव्हा मला कुणी सांगायला येऊ नये.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. बाबा गेल्यापासून ती डोंबिवलीत एकटी राहते. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून तिला थेट माझ्याकडे आणलं, तेव्हा गाडीतच तिने अट घातली. ज्या दिवशी तीन मजले चढता येतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरी जाणार. मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो.

एप्रिलअखेरपर्यंत ती काठी न घेता सपाटीवर चालायला लागली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आता जिना सुरू करा, मात्र दोन्ही हातांना आधार हवा. आमच्या टॉवरच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला, वर प्रत्येक मजल्यावर लोकांनी सायकली आणि जुनी कपाटं आणून ठेवलेली. सोसायटीला पत्र लिहून काही होईपर्यंत आईचा दुसरा गुडघाही गेला असता. मग मला मॉलचे सरकते जिने आठवले. ते बंद पडून वर्ष उलटलं होतं, पण दोन्ही बाजूंचे रबरी कठडे जागेवर होते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, लोक मॉलमध्ये खरेदीला जातात, तू व्यायामशाळा काढ. मी काढली. शाळेत पंचवीस वर्षं पोरांकडून कवायत करून घेतली आहे, एक आई काय जड जाते?

तो मॉल नवीन होता तेव्हाचे रविवार मला लख्ख आठवतात. आम्ही नुकतेच इथे राहायला आलो होतो. आई-बाबा डोंबिवलीहून सकाळीच यायचे आणि दुपारी सगळ्यांची वरात मॉलकडे निघायची. दारात पिशव्या तपासायची रांग, आत शिरताच अंगावर येणारा गारवा, कुठून तरी भाजलेल्या मक्याचा वास. बाबा शर्टाच्या किमती चष्मा वर करून वाचायचे आणि काही न घेता अगदी तृप्त होऊन बाहेर पडायचे. आमच्यासारख्या नव्यानेच हप्ते फेडू लागलेल्यांना तिथे आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे कबूल करायला आता लाज कशाला वाटायला हवी?

सरकत्या जिन्याशी आईची पहिली भेट मात्र फसली. नवीन काहीही चढायचं तर ती आधी वाकून पायरीला हात लावते आणि तो कपाळाला टेकवते. घराचा उंबरा असो, नाटकाचा रंगमंच असो, पहिल्यांदा विमानात बसताना शिडी असो. तिने तिथेही तेच केलं. वाकून पायरीला हात लावला, तर पायरी हात घेऊन वर निघाली आणि आई खालीच राहिली. मागे माणसांचा ढीग झाला. एका गृहस्थांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि वर त्यांनीच माफी मागितली. नमस्कार घ्यायलाही जो थांबत नाही, त्याच्यावर मी पाय ठेवणार नाही, असं तिने तिथेच जाहीर केलं.

त्यानंतर ती कायम स्वच्छतागृहामागच्या साध्या जिन्याने वर गेली. आम्ही गर्दीतून इंच इंच सरकत तिसऱ्या मजल्यावरच्या खाण्याच्या हॉलमध्ये पोचायचो, तोवर तिने खिडकीजवळचं टेबल पकडलेलं असायचं. एका खुर्चीवर रुमाल, दुसरीवर छत्री, तिसरीवर बाबांचा मफलर. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी बाई ती, तिला मॉलचं काय कौतुक? आजूबाजूचे लोक ताटं हातात घेऊन घिरट्या घालायचे आणि आई त्यांच्याकडे अजिबात बघायची नाही. मला तेव्हा ओशाळल्यासारखं व्हायचं. आज तो हॉल तसाच भरलेला आणि ती तशीच बसलेली बघायला मिळाली, तर मी पायी डोंबिवलीला जाऊन येईन.

पुढे एकेक शटर खाली आलं. आधी किराण्याचं मोठं दुकान गेलं, मग सिनेमागृह, मग खेळणी. लोकांना घरबसल्या वस्तू मिळू लागल्या, थोडं पुढे याहून चकचकीत मॉल झाले. आम्हीही यायचं सोडलंच की. मॉलला नावं ठेवणाऱ्यांवर मी चिडते, त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच असतो.

तर पहिल्या दिवशी आईने जिन्याच्या कठड्याला हात लावून तो कपाळाला नेला, कारण वाकणं शक्य नव्हतं, आणि तेवढ्यात वॉचमन धावत आला. पन्नाशीचा, कोकणातला माणूस. म्हणाला, चढायला परवानगी नाही, बंद जिन्याच्या पायऱ्या उंच असतात, पडलात तर त्याची नोकरी जाईल. मी आवाज चढवणार होते. आईने मला हाताने गप्प केलं आणि त्याला त्याचं गाव विचारलं. पाच मिनिटांत त्याच्या आईच्याही गुडघ्यांपर्यंत गोष्ट आली. शेवटी त्याने जिन्यासमोरचा दोर सोडला, पण रोज तो स्वतः मागे उभा राहणार या बोलीवर. पायऱ्या उंच आहेत हे ऐकून आई खूशच झाली. इथे जमलं तर घरचा जिना म्हणजे काहीच नाही, असं तिचं गणित होतं.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मी खालून ओरडायची, ती वरून मला ओरडू नकोस म्हणायची. पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या. मग अर्धा जिना. एकदा मधेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उतरली नाही, डोळे पुसून अजून दोन चढली. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या ठेवलेल्या, दिवे निम्मे बंद, आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या इमारतीत आम्हा तिघांचेच आवाज. महिन्याच्या मध्यावर ती पहिला मजला गाठून आली. वीस तारखेच्या आसपास दुसरा.

आणि तिथे मी खोटेपणा केला. व्यायामाच्या बाईंनी मला फोनवर सांगितलं की आता तुमच्या आई तयार आहेत, त्यांना तिसरा मजला चढू द्या, घरी जायलाही हरकत नाही. मी आईला म्हटलं, बाई म्हणतात अजून पंधरा दिवस दुसऱ्या मजल्यावरच थांबायचं. रोज ती तिसऱ्या जिन्याकडे बघायची आणि रोज मी म्हणायची, आज पुरे. मी स्वतःला पटवत होते की हे तिच्या भल्यासाठी आहे. खरं कारण वेगळं होतं. सकाळी उठल्यावर ओट्याशी आई दिसायची, आणि त्याची मला फार सवय झाली होती.

महिन्याच्या शेवटी एक दिवस शाळेतून फोन आला. दुसऱ्या मजल्यावर आईला खुर्चीत बसवून मी बोलायला बाजूला गेले. नव्या वर्षाचं वेळापत्रक, दहा मिनिटं गेली. परत आले तर खुर्ची रिकामी. मी जोरात हाक मारली. वरून वॉचमन म्हणाला, "घाबरू नका ताई, मावशी वर आल्यात. मी मागेच होतो."

मी धावत वर गेले. खाण्याच्या हॉलमध्ये टेबलं एकावर एक रचून कोपऱ्यात ढकललेली होती. उरलेल्या एका खुर्चीवर आई बसली होती, घामाघूम, पदराने वारा घेत. मी बोलायला तोंड उघडणार तोच तिने विचारलं, "बाईंना मी काल स्वतः फोन केला होता. तू मला घरी जायला तयार करत होतीस, की ठेवून घ्यायला?"

पंचवीस वर्षं मुलांची खोटी कारणं पकडणारी मी, मान खाली घालून उभी राहिले. मग खरं तेच सांगितलं. "तू गेलीस की घर खायला उठेल गं."

तिने माझा हात धरला, पण ती विरघळली नाही. म्हणाली, तिला तिचं घर तसंच बोलावतंय, आणि ती अंथरुणाला खिळेल त्या दिवशी मी न विचारता तिला उचलून आणावं, ती तक्रार करणार नाही. पण आज ती चालतेय. मग आम्ही तिन्ही जिने उतरलो, एकेक पायरी, ऑपरेशनचा पाय आधी.

दुसऱ्याच दिवशी शीळफाट्याच्या गर्दीतून तिला डोंबिवलीला घेऊन गेले. इमारतीखाली उतरल्यावर तिने मला बॅगेपाशीच थांबायला सांगितलं. मागून कुणी ओरडलं की पाय चुकतो, म्हणाली. मी खाली उभी राहून ऐकत होते. चप्पल, कठड्यावर बांगड्या, मधे थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा चप्पल. बऱ्याच वेळाने कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग ती गॅलरीत आली, ओणवी होऊन तिने खाली पाहिलं.

"ये वर. चहा टाकते," ती म्हणाली. "थांबणार आहेस ना थोडा वेळ, की लगेच निघायचंय?"

पाहुण्यांना विचारावं तसं तिने मला विचारलं. मी थांबणार म्हणाले, बॅग उचलली आणि चढायला लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंतच मला धाप लागली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिथे क्षणभर थांबले, आणि मग कठडा धरून उरलेला मजला चढले.