घुबडाची जागा

ऐंशीनंतरची गोष्ट. मी आठवीत होते. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी प्रदर्शनासाठी ग्रीक देऊळ करायला घेतलं. पुस्तकातलं बोटाएवढं चित्र त्यांनी फळ्यावर मोठं काढलं. वर त्रिकोणी छप्पर, खाली उभ्या खाचांचे खांब. खाचा कशा आणायच्या ते मी शोधलं. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या जुडीसारख्या घट्ट बांधल्या आणि वरून चुना फासला. छप्पर संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचं झालं.

आत ग्रीकांची बुद्धीची देवी. ती माझ्या मैत्रिणीनं मातीची केली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. या देवीजवळ घुबड असतं, असं सर म्हणाले होते. घुबड करायला कुणी तयार होईना, म्हणून ते मी केलं. डोळ्यांना गुंजा लावल्या.

आम्ही बौद्ध. घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबा नागपूरहून आणत आणि जेवताना मोठ्यानं वाचत. अपशकुन हा माणसाला भिववून ठेवायचा धंदा आहे, हे मला पाढ्यांआधी पाठ झालं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी देवीपुढे उदबत्ती लागली होती, कपाळावर हळदकुंकू होतं. घुबड खिडकीत होतं. त्याच्या जागी मातीचा मोर.

"घुबड कोणं काढलं?"

"म्या," मैत्रीण म्हणाली. "मायी आई पाह्यले येऊन राहिली. देवीजवळ घुबड पाहून काय म्हणन?"

"लक्ष्मीजवळ तं घुबडच असते."

"आमच्या घरच्या फोटोत तं कमळ आहे," मागून एक जण म्हणाला. "तुह्या घरी फोटो तरी आहे का?"

सगळे हसले. ती हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "राहू दे ना वं आजच्या दिवस. मंग ठेवजो."

मी बाकावर चढले आणि अख्खं पत्रक म्हणून दाखवलं. अज्ञान, गुलामगिरी, सगळं. सर छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे. सौंसरहून बोलावलेले पाहुणे फाटकात आले होते. "बेटा, बाद में देखेंगे," सर म्हणाले.

मी घुबड हातात घेऊन दाराशी उभी राहिले. लोक मला वळसा घालून आत गेले.

पूजा झालेली मातीची देवी तशीच ठेवायची नसते. संध्याकाळी वर्ग तिला जाम नदीत शिरवायला निघाला, गणपतीसारखा जयजयकार करत. मोरही गेला. मैत्रीण फाटकाशी थांबली.

"चाल ना."

मी घुबड पुढे केलं. "याले घेता?"

तिनं खाली पाहिलं आणि ती गेली. माझ्या घुबडाला नदीतसुद्धा कुणी नेईना.

घरी बाबांनी पाठ थोपटली. "वाघीण आहे मायी!" त्यांनी घुबड पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, कागद उडू नयेत म्हणून. आईनं भाकर वाढताना एवढंच विचारलं, "आज तुयी मैत्रीण नाही आली काय वं?"

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसली. मी आमच्या बाकावर माझ्या अर्ध्या भागातच बसले.

आजही मी त्या बाकावर चढेन, तेच बोलेन. पण ते देऊळ वर्षभर वर्गाच्या कोपऱ्यात रिकामं उभं होतं. आता तिथं घुबड ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती. मी ते शाळेत नेलं नाही.