हेस्टरची नायिका वल्हं मारते

हेस्टर पास्को माझी वहिनी; मी लव्हडे, तिची नणंद. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ती शाळेच्या मुलांचा स्वयंपाक करायची. दुपारी भांडी आटोपली की त्याच टेबलावर टाइपरायटर मांडून प्रेमाच्या आणि खुनाच्या गोष्टी लिहायची. माझा भाऊ डेन्झिल १९५३ साली बोटीसकट बुडाला, त्यानंतर तिनं हे सुरू केलं.

"नवरा जाऊन वर्ष नाही, अन् ही चुंबनं लिहिते!" चर्चबाहेर एकीनं ऐकवलंच.

"आठवतायत तोवर लिहून घेते, बाई," हेस्टर म्हणाली.

सहा प्रकाशकांनी पहिली कादंबरी परत पाठवली. सातव्याकडून क्रॅडक नावाचे संपादक स्वतः आले. पुस्तक त्यांना आवडलं होतं, शेवट नव्हता आवडला. खुन्याच्या तावडीतून सुटलेली नायिका चढत्या भरतीविरुद्ध होडी वल्हवत खाडीबाहेर पडते, हे त्यांना पटेना.

"बाईमाणसाला कसं जमेल? नायकाला पाठवा की सोडवायला."

"त्याचा पाय मोडलाय."

"मग नका मोडू!"

हेस्टरनं एप्रन सोडला. "चला साहेब, होडीत बसा."

मी धक्क्यावर उभी होते. भरती चढत होती, वाराही समोरून येत होता. मध्यावर होडी जागच्या जागी अडकली. मला वाटलं, आता ही मागं फिरणार. ती फिरली नाही. पाऊण तासानं होडी खाडीच्या तोंडाबाहेरच्या खडकाला लागली. तोवर साहेबांची टोपी समुद्रात गेली होती, सकाळची न्याहारीही.

"आता सांगा. जमेल का तिला?" हेस्टरनं विचारलं; हे तिनंच मला नंतर सांगितलं.

"जमेल, बाई, जमेल! परत जायला पायवाट आहे का?"

"आहे. सहा मैल."

ते चालत आले. पुस्तक जसंच्या तसं निघालं, आणि त्यामागून आणखी अठरा.

साठीनंतर अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आता आराम करा. तिनं मला टाइपरायटर डावीकडे सरकवायला लावला. एका हातानं दिवसाकाठी जेमतेम अर्धं पान व्हायचं.

मला बघवेना. "वहिनी, तू नुसतं सांग, मी टाइप करते."

"चुंबन आलं की तू खोकतेस, लव्हडे," ती बोबड्या जिभेनं म्हणाली. "माझं मी करते."

पुढच्या कादंबरीला तीन वर्षं लागली. शेवटचं पान तिनं तीनदा फाडलं, चौथं ठेवलं. पार्सलवर पत्ता घालायला मी पेन उचललं, तर तेही काढून घेतलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण पार्सल लंडनला प्रकाशकाकडे पोचलं.