न वाचलेली सूचना

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. जळगावच्या बाहेर जिथे पूर्वी कपाशीचं रान होतं, तिथे अठरा जणांनी मिळून सोसायटी काढली आणि ओळीने घरं बांधली. कचेरीतले कारकून, दोन शाळामास्तर, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड, एक-दोन दुकानदार. नळ अजून तिथवर पोचला नव्हता. सगळ्यांत मिळून एक विहीर, एक मोकळा प्लॉट आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल होणारा रस्ता एवढं सामाईक होतं. भांडायला तेवढं पुरे होतं.

अध्यक्ष होते एक निवृत्त अव्वल कारकून. सगळे त्यांना नाना म्हणत. माझे यजमान चिटणीस. म्हणजे नानांनी सांगायचं आणि ह्यांनी लिहायचं. दर पंधरवड्याला सोसायटीच्या सूचना एका लांब वहीत उतरत आणि ती वही घरोघर फिरे. पुरुष सकाळी दहाला बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परतायचे, म्हणून नानांनी नियमच केला होता की घरातल्या कुणीही सही केली किंवा अंगठा दिला तरी सूचना पोचली असं धरायचं. आणि दुपारी घरात असायच्या बायका. त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं.

मी धुळ्याची. मराठी सातवी पास. त्यामुळे वही फिरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जेवणं आटोपली की मी वही, शाईची डबी आणि टाक घेऊन निघे. प्रत्येक ओट्यावर मला बसायला पाट मिळे. मी वाचायला लागले की हातातली कामं थांबत. मी खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडे. माहेरी मला कुणी विचारत नव्हतं, सासरी सासूपुढे बोलायची सोय नव्हती, आणि इथे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.

शेवटून दुसऱ्या घरात एक बाई राहत होती. तिचं माहेर चोपड्याकडचं, म्हणून आम्ही तिला चोपड्याची म्हणत असू. नवरा एका जिनिंगसाठी कापूस खरेदी करायचा. हंगामात तो पाचोरा, चाळीसगाव, खेडोपाडी फिरतीवर असे, महिना महिना घरी नसे. मूलबाळ नव्हतं. तिने माहेराहून एक म्हैस आणली होती. काळीभोर, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. घरामागचं आवार लहान, म्हणून ती म्हैस मोकळ्या प्लॉटवर खुंटा ठोकून बांधी. घरं बांधली तेव्हापासून बांधत होती, आणि कुणी काही म्हणालं नव्हतं.

भाद्रपदात एकदा विहिरीवर आम्ही सात-आठ जणी होतो. वाटेत शेण पडलेलं होतं. माझा पाय भरला. मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "वहिनी, ही सोसायटी आहे, गोठा नव्हे."

ती दोर ओढत होती. ओढता ओढताच हसून म्हणाली, "अक्का, तुले वाचता येस, पन म्हैसनी कास धरता येस का?"

एवढंच. त्यात विष नव्हतं, तिचं बोलणंच तसं होतं. पण सगळ्या हसल्या. मास्तरांच्या बायकोला तर हसू आवरेना, तिने हंडा खाली ठेवला. मीही हसल्यासारखं केलं, पाय धुतला आणि घरी आले. ते हसणं माझ्या कानांतून गेलं नाही. पोळ्या लाटताना ऐकू येई, वहीचं पान उलटताना ऐकू येई. तीन महिने.

मार्गशीर्षात नानांनी नवी सूचना काढली. कुणाच्या तरी तुळशीचं रोप जनावराने खाल्लं होतं म्हणे. त्या पंधरवड्याच्या चार सूचना होत्या. पहिली, विहिरीचा दोर गुरुवारी बदलायचा आहे, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं. दुसरी, गटारांत चुना टाकायला माणूस येईल. तिसरी, रविवारी सभा. चौथी, सोमवारपासून मोकळ्या प्लॉटवर किंवा रस्त्यावर जनावर दिसल्यास ते कोंडवाड्यात पाठवलं जाईल.

सगळ्या घरांत मी चारही वाचल्या. चोपड्याचीकडे शेवटी गेले. ती घमेल्यात भिजवलेली सरकी कालवत होती. म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. मला पाट दिला, हात पुसत समोर बसली. मी पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. मग वही तिच्यापुढे सरकवली.

"सरनं का?" तिने विचारलं. संपलं का, असं.

"संपलं," मी म्हटलं.

तिने अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला, मी दाखवलं तिथे नीट दाबून उमटवला. आणि मी उठताना म्हणाली, "पहिला खरवस तुनाच घर धाडसू, अक्का."

नुसती भीती घालायची होती, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते खरं नाही. सोमवारी काय होईल ते मला नीट ठाऊक होतं. चार दिवस हातात होते. ती रोज मला विहिरीवर भेटत होती.

सोमवारी बाराच्या सुमाराला कोंडवाड्याची दोन माणसं दोर घेऊन आली. नाना छत्री उघडून उन्हात उभे. म्हैस जड झालेली, उठेना. एकाने शेपटी पिरगाळली तेव्हा उठली. तिचं ओरडणं ऐकून चोपड्याची धावत आली आणि दोराला लोंबकळलीच.

"नाना, मनी म्हैस गाभनी शे! कोठे लई जातस?"

"सूचना दिली होती," नाना म्हणाले. "सोमवारपासून. आज सोमवार."

"माले कोनी सांगं नही!"

नानांनी मला हाक मारली. "वही आणा."

मी घरात गेले आणि वही आणली. वाटेत मी पान काढूनच ठेवलं होतं. नानांनी ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. चौथ्या सूचनेखाली अठरा घरांच्या सह्या आणि अंगठे, आणि शेवटून दुसरा तिचा, इतरांपेक्षा ठळक.

"हा अंगठा तुझाच ना?"

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्का, तू हाई माले सांगं नही," ती हळूच म्हणाली. चौकशी केल्यासारखं. रागाने नाही.

"मी सगळ्यांकडे सारखंच वाचलं," मी म्हटलं.

ओट्यांवर बायका उभ्या होत्या. मास्तरांची बायको म्हणाली, "आमच्याकडे तर वाचलं होतं बाई." दुसरी म्हणाली, "आमच्याकडेही." आणि ते खरंच होतं. तिला आधीच माहीत असेल असं समजून त्यांच्यातलीही कुणी तिच्यापाशी विषय काढला नव्हता. नाना म्हणाले, "लक्ष देऊन ऐकत जा." म्हैस रस्त्याने गेली. एक माणूस ओढत, एक मागून काठीने मारत. चोपड्याची मागोमाग अनवाणी.

कोंडवाड्यावरच्या माणसाने सांगितलं, घरधनी येऊन सही करेल तेव्हाच जनावर सुटेल, बाईच्या हाती देत नाही. नवरा पाचोऱ्याकडे. गार्डसाहेबांनी गाडीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला. तोवर ती कोंडवाड्याच्या दाराशी बसून राहिली, फळ्यांच्या फटीतून कडबा आत ढकलत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं, केवढं मन. मी बघायला गेले होते.

दाराला कुलूप होतं. माणूस जेवायला गेलेला. चोपड्याची दोन्ही हातांनी फळ्या धरून उभी होती. आत दहा-बारा जनावरं, त्यांत दोन मोकाट वळू. म्हैस भिंतीच्या कोपऱ्यात व्यायला लागली होती. रेडकाचे पुढचे पाय बाहेर आले होते. वळू एकमेकांना रेटत तिच्या अंगावर येत होते आणि तिला धड बसताही येत नव्हतं.

"अक्का, जाय, त्याले बलाव! तुनं ऐकी तो!" तिने माझा हात धरला. तिचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं, माझं ऐकतील असं तिला तेव्हाही वाटत होतं.

मी गेले. तो दोन गल्ल्या पलीकडे एका ओट्यावर जेवत बसला होता. मी म्हटलं, म्हैस विते आहे, दार उघडायला हवं. तो म्हणाला, "जेवण होऊ द्या, येतो." मला म्हणता आलं असतं की मी सोसायटीच्या चिटणिसांची बायको, आत्ताच्या आत्ता उठ. तो उठला असता. मी "बरं" म्हटलं आणि सावलीत उभी राहिले. त्याने ताक प्यायलं, हात धुतले, पान लावलं.

आम्ही पोचलो तोवर ओरडणं थांबलं होतं. दार उघडलं. रेडकू शेणात पडलं होतं, बरगड्यांवर खुराचा खळगा उमटलेला. अजून ओलं होतं. म्हैस त्याला चाटत होती. त्या माणसाने रेडकाचा पाय धरला आणि ओढत बाहेर आणून उकिरड्याशी टाकलं. चोपड्याची रडली नाही. पदराने त्या रेडकाचं तोंड पुसत बसली. भाकरीचं फडकं माझ्या हातातच राहिलं. थोड्या वेळाने मी ते तिच्याजवळ ठेवून घरी आले.

तिसऱ्या दिवशी नवरा आला. म्हैस सोडवून आणली आणि संध्याकाळी अंगणात त्याने बायकोला मारलं. बैल हाकायच्या पराणीने मारलं. "न समजता अंगठा दिलाच कसा? उद्या घर लिहून देशील!" प्रत्येक फटक्याबरोबर हेच. आम्ही सगळे ऐकत होतो. माझे यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी उठून खिडकी लावली.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "चौथी सूचना वाचली होतीस ना?"

"वाचली होती."

इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी खोटं बोलते ते त्यांना कळत होतं. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. पुढच्या सभेच्या वृत्तांतात त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'सर्व सभासदांस सूचना वेळेवर पोचल्याची खात्री करण्यात आली.'

म्हैस पान्हवेना. कुणाला कासेला हात लावू देईना. महिन्याभरात विकली.

पुढच्या पंधरवड्याला मी वही घेऊन तिच्या दारात गेले. पाट मिळाला नाही. मी वाचायला तोंड उघडलं, तर तिने अंगठा पुढे केला.

"ऐक तरी, वहिनी."

"कोठे लावू ते दखाड."

मी जागा दाखवली. तिने अंगठा उमटवला आणि आत गेली. पुढे दर वेळी असंच. सगळ्या सोसायटीत तिच्याइतकं वेळेवर आणि बिनतक्रार कुणी अंगठा देत नव्हतं. नानांनी एकदा तिचं कौतुकही केलं.

वर्षभराने एका दुपारी मला ते सहन होईना. मी वही मिटली आणि म्हटलं, "वहिनी, त्या वेळची चौथी सूचना मी तुला..."

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"कोनले सांगू? वही तुना जोडे शे." वही तुझ्याजवळ आहे, असं.

मी माफी मागितली नाही. तिने अंगठा पुढे केला होता, मी शाई पुढे केली.

त्यानंतर आणखी काही वर्षं मी ती वही फिरवली. पुन्हा कधी काही गाळलं नाही, आणि ते चांगुलपणाने नव्हे, तशी गरजच पडली नाही. बायकांना नक्की काय झालं ते ठाऊक नसावं, पण काहीतरी वास लागला होता. माझ्याशी कुणी वाकडं बोलेना. विहिरीवर मी दिसले की दोर माझ्या हाती येई. मास्तरांची बायको तर माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची. मला ते नकोसं झालं होतं असं लिहिलं तर छान दिसेल. पण मला ते हवंच होतं. रात्री झोपही नीट लागे.

लढाई संपायच्या सुमाराला चोपड्याची आणि तिचा नवरा घर विकून पाचोऱ्याला गेले. ज्या दिवशी त्यांची बैलगाडी भरत होती त्या दिवशी मी दारात उभी होते. ती माझ्यासमोरून तीनदा गेली, डोक्यावर गाठोडं, कडेवर पितळेची घागर. एकदाही तिने वाट बदलली नाही आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्या घरात एक वकील आले. पहिल्याच पंधरवड्याला मी वही घेऊन गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. विशीतली होती, हाताला पीठ लागलेलं. मी ओट्यावर बसले आणि वाचायला सुरुवात केली. तिने हात पदराला पुसले, माझ्या मांडीवरची वही उचलून घेतली आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचली. तेवढा वेळ मी टाक धरून बसून होते. मग तिने सही केली, वही परत दिली आणि दार लावून घेतलं.